अण्णांना गडावर न्यायचे आहे, पण कोणत्या?

वाचकाचे पत्र

मी मूळची कोल्हापूरची, राजारामपुरीत आमचे घर आहे. वय २९. नोकरीमुळे पुण्यात राहते. यंदा गुढीपाडव्याला जोडून तीन दिवस सुटी मिळत आहे आणि ती अण्णांबरोबर, म्हणजे माझ्या वडिलांबरोबर, डोंगरात घालवायची आहे. अण्णा ६२ वर्षांचे आहेत. तरुणपणी त्यांनी जिल्ह्यातले बहुतेक किल्ले पालथे घातले आणि आता मला घेऊन रांगण्याला जायचे, तेही दोघांनीच, असा त्यांचा हट्ट आहे. त्यांना रक्तदाबाच्या गोळ्या सुरू आहेत. गेल्या वर्षी जोतिबाचा डोंगर चालत चढताना त्यांना खूप धाप लागली, चेहरा पांढरा पडला, तरी "मला काय झालंय?" म्हणत ते थांबले नाहीत. आईचा या बेताला ठाम विरोध आहे. अण्णांचे मन मोडवत नाही आणि त्यांना काही झाले तर, ही भीतीही जात नाही. गाडीवाल्याला त्यांच्या नकळत सांगून ठेवावे का, की बोलावले तर लगेच ये? की वाटेत मीच दमल्याचे सोंग करावे?

उत्तर

तुम्ही दोघांनी जरूर जावे, असे मला मनापासून वाटते. मात्र या पाडव्याला रांगण्याला जाऊ नये, भुदरगडाला जावे. आणि अण्णांच्या नकळत काहीही ठरवू नये. या दोन्ही गोष्टी मी सविस्तर सांगणार आहे, पण त्याआधी तुमच्या पत्रातल्या एका वाक्यापाशी थांबणे मला भाग आहे.

चढावर धाप सगळ्यांनाच लागते. चेहरा पांढरा पडणे ही मात्र वेगळी गोष्ट आहे. त्यानंतर अण्णांची तपासणी झाली का, याबद्दल पत्रात काहीच नाही, म्हणून ती झाली नसावी असे धरून लिहिते. रक्तदाब असलेल्या, साठी ओलांडलेल्या माणसाला चढावर असे झाले असेल, तर पुन्हा डोंगर चढण्यापूर्वी डॉक्टरांना तो प्रसंग जसा घडला तसा सांगितला पाहिजे: किती चढल्यावर झाले, छातीत जड वाटले होते का, डावा हात किंवा जबडा दुखला होता का, घाम सुटला होता का, बसल्यावर किती वेळात बरे वाटले. डॉक्टर ईसीजी काढतील आणि गरज वाटल्यास ट्रेडमिलवर चालवून हृदयाची तपासणी करतील. रक्तदाबाच्या कोणत्या गोळ्या चालू आहेत, हेही उन्हातल्या चालीच्या दृष्टीने नीट विचारून घ्या. काही गोळ्यांनी लघवी जास्त होते आणि शरीरातले पाणी लवकर कमी होते. काही गोळ्यांमुळे हृदयाचे ठोके हवे तेवढे वाढत नाहीत, त्यामुळे चढावर आणि उकाड्यात माणूस लवकर गळतो. म्हणून गोळी बंद करायची, असा अर्थ कोणी काढू नये. सहलीच्या दिवशी ती चुकवणे तर त्याहून वाईट. मिठाचे पाणी किंवा ओआरएस किती चालेल, हेही डॉक्टरांकडूनच समजून घ्या, कारण रक्तदाबाच्या रुग्णाला मिठाचे प्रमाण जपावे लागते. या भेटीला तुम्ही स्वतः बरोबर जा. अण्णांना एकटे पाठवले, तर "सगळं ठीक आहे म्हणाले" एवढेच घरी कळेल, हे तुम्ही माझ्यापेक्षा चांगले जाणता.

आता रांगण्याविषयी. अण्णांना तो का ओढतो, हे मला समजते. पाटगावच्या पुढे, कोल्हापूर आणि सिंधुदुर्ग या जिल्ह्यांच्या सीमेवर, सह्याद्रीच्या ऐन धारेला हा किल्ला बसला आहे. भोवती दाट झाडी, पलीकडे कोकणात उतरणारे कडे आणि वर रांगणाईचे देऊळ. जिल्ह्यातला सर्वांत देखणा किल्ला कोणता असे विचारले, तर कितीतरी जुने भटके याच किल्ल्याचे नाव घेतील. पण त्याचे देखणेपण ज्या एकाकीपणात आहे, तोच तुमच्या बेतातला धोका आहे. पाटगाव सोडल्यावर चिक्केवाडीकडे जाणारी वाट जंगलातून जाते, वस्ती विरळ होत जाते आणि मोबाईलच्या रेंजवर भरवसा ठेवता येत नाही. तिथे कोणाला काही झाले, तर आधी गावात, मग गारगोटीला आणि तिथून कोल्हापूरला आणावे लागेल. यात अर्धा दिवस सहज मोडतो.

दोघांच्या वाटचालीत एक अडचण अशी असते, की ती घरी बसून सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. चौघे असले आणि एकाचा पाय मुरगळला, तर एक जण त्याच्याजवळ बसतो आणि दोघे मदत आणायला जातात. दोघेच असले, तर दुसऱ्याला एकच निवड उरते: जवळ बसायचे की सोडून जायचे. अण्णा वाटेत बसले आणि फोन लागत नसला, तर तुम्हाला त्यांना जंगलात एकटे ठेवून खाली यावे लागेल. म्हणून दोघांनीच जायचे असेल, तर ठिकाण असे निवडावे, जिथे फोन लागण्याची शक्यता चांगली आहे, माणसांची ये-जा आहे आणि गाडी जवळ येऊ शकते. रांगणा या तिन्ही कसोट्यांवर उतरत नाही.

भुदरगड उतरतो. कोल्हापूरहून गारगोटी साधारण ५० किलोमीटर आहे आणि तिथून दहा-अकरा किलोमीटरवर पेठशिवापूर हे पायथ्याचे गाव. शिलाहार राजा दुसरा भोज याच्या काळातला, म्हणजे १२व्या शतकातला हा किल्ला. वर भैरवनाथाचे देऊळ आहे, दूधसागर नावाचा पांढुरक्या पाण्याचा मोठा तलाव आहे आणि तटावरून फिरताना चहूबाजूंचा मुलूख दिसतो. तुमच्या दृष्टीने सगळ्यांत मोलाची बाब ही, की गडावर गाडीरस्ता जातो. तुम्ही पेठशिवापुरातून पायी चढा; अण्णांना त्रास झाला, तर गाडी वर येऊ शकते आणि तासाभरात तुम्ही गारगोटीच्या रुग्णालयात असाल. ज्यांना किल्ला म्हणजे खडतर चढ असेच वाटते, ते या रस्त्यामुळे भुदरगडाला कमी लेखतात. मला ते पटत नाही. मुलीबरोबर निवांत गड फिरावा, दोन-तीन तास गप्पा माराव्यात आणि संध्याकाळी धडधाकट घरी परतावे, यासाठी तो रस्ता वरदानच आहे.

तर मग गाडीवाल्याला गुपचूप सांगावे का? नाही. त्याला सांगाच, पण अण्णांच्या समोर सांगा. बासष्ट वर्षांचा माणूस, ज्याने हे डोंगर तुमच्या जन्माआधी पायाखाली घातले, त्याला गाडी वर आलेली पाहताच कळेल की आपल्या पाठीमागे काहीतरी शिजले होते. त्या दिवशी ते मुकाट्याने गाडीत बसतीलही, पण पुढच्या वेळी बरोबर येणार नाहीत किंवा आले तर होणारा त्रास आणखी लपवतील. सोंगाचेही तेच. लेकीचा दम खरा आहे की खोटा, हे बापाला ओळखता येते. शिवाय तुम्हाला सोंगाची गरजच पडणार नाही. पुण्याच्या कार्यालयात खुर्चीवर बसून गेलेल्या वर्षानंतर चैत्राच्या उन्हात चढताना तुम्हालाही खरोखरच थांबावेसे वाटेल. तेव्हा संकोच न करता पहिल्यांदा तुम्हीच "अण्णा, थांबूया" म्हणा. पहिला थांबा मुलीने मागितला, की दुसरा मागणे वडिलांना जड जात नाही.

निघण्याच्या आधी दोन-तीन दिवस एक संध्याकाळ मोकळी काढा. आईंनाही बसवा आणि तिघांच्या साक्षीने काही गोष्टी ठरवा. थांबायचे म्हणणाऱ्याला दुसऱ्याने कारण विचारायचे नाही आणि "आता थोडंच राहिलंय" हे वाक्य त्या दिवशी उच्चारायचे नाही. छातीत दुखले, चक्कर आली, डोळ्यांसमोर अंधारी आली किंवा पाच मिनिटे बसूनही धाप बसली नाही, तर ते लगेच सांगायचे आणि तिथेच चढाई संपवायची. सकाळी नऊ वाजले, की जिथे असाल तिथून पुढे चढायचे नाही, मग दरवाजा समोर दिसत असला तरी. ही वेळ अण्णांना स्वतःला ठरवू द्या. त्यांचा अनुभव तुमच्यापेक्षा मोठा आहे, उन्हाची आणि चढाची गणिते त्यांना येतात. वेळ त्यांच्या तोंडून आली, तर गडावर ती पाळण्यात त्यांना कमीपणा वाटणार नाही. त्यांनी साडेनऊ म्हटले तरी वाद घालू नका. साडेदहा म्हटले तर घाला.

चालताना अण्णांना पुढे ठेवा आणि तुम्ही मागे राहा. बहुतेक घरांत तरुण माणूस पुढे चालतो आणि वळून वळून "या, या" म्हणतो. त्यामुळे मागचा माणूस आपली चाल सोडून पुढच्याची चाल धरायला बघतो आणि पुढचा थांबून विश्रांती घेत असतो, तेवढ्यात मागचा पोहोचतो न पोहोचतो तोच पुन्हा निघतो; विश्रांती मिळते ती ज्याला नको असते त्याला. अण्णा पुढे असले, की चाल त्यांची राहील आणि त्यांचे पाऊल, तोल, खांद्यांची हालचाल तुम्हाला मागून दिसत राहील. त्यांना बोलते ठेवा. जुन्या मोहिमांच्या हकिकती विचारा: कोणत्या साली आले होते, बरोबर कोण होते, भाकरी कुठे खाल्ली होती. चढावर माणसाला अख्खे वाक्य एका दमात बोलता येत असेल, तर त्याची चाल त्याला झेपते आहे. वाक्य मध्ये तुटू लागले, दोन शब्दांनंतर श्वास घ्यावा लागला, तर चाल कमी करायची; हकिकत सांगायची थांबवून ते नुसते "हं" म्हणू लागले, तर तिथेच सावली बघून बसायचे. ही परीक्षा नाडी मोजण्यापेक्षा सोपी आहे आणि अण्णांना ती परीक्षा वाटणारही नाही.

मार्चअखेरीस आपल्याकडे दुपारचे तापमान ३५ अंशांच्या पुढे जाते आणि उघड्या खडकावर ते त्याहून जास्त जाणवते. त्या सुमारास सूर्य साडेसहाच्या आसपास उगवतो, तेव्हा पहाटे साडेचारला घर सोडा म्हणजे उजाडता उजाडता पायथ्याशी असाल. माणशी चार लिटर पाणी बरोबर हवे. त्यातले निम्मे गाडीत ठेवले तरी चालेल. गडावरच्या तलावाच्या पाण्यावर विसंबू नका. तहान लागण्याची वाट न पाहता दर पंधरा-वीस मिनिटांनी चार घोट घ्यायचे, आणि ते अण्णांना आठवण करून देण्याऐवजी तुम्ही बाटली काढून आधी स्वतः प्यायचे. जेवणाला दहीभात, भाकरी, काकडी, थोडा गूळ आणि शेंगदाणे पुरेसे आहेत. भडंग घरीच ठेवा, तहान वाढते. आणि आदल्या रात्री पाहुणचार म्हणून तांबडा-पांढरा रस्सा नको, पहाटेच्या चढाला पोट हलके असलेले बरे. पाडव्याच्या दिवशी घरची गुढी आणि श्रीखंड-पुरीचे जेवण होऊ द्या आणि दुसऱ्या दिवशी निघा. त्यामुळे आईंचा अर्धा राग तिथेच मावळेल.

उतरण्याची घाई करू नका. चढताना दम जातो आणि उतरताना गुडघे जातात, आणि साठीनंतर बहुतेक माणसे घसरून पडतात ती उतारावर. या दिवसांत गवत वाळून गुळगुळीत झालेले असते आणि त्याखाली मुरूम सुटा असतो. तिथे तोल गेला की पाय धरत नाही. अण्णांच्या हातात चांगली काठी द्या आणि एक स्वतःही घ्या. दहाच्या आत उतरायला लागलात तर ठीक, नाहीतर भैरवनाथाच्या देवळात सावलीला बसून दुपार काढा आणि साडेचारनंतर उतरा किंवा सरळ गाडी वर बोलवा. दुपारी पश्चिमेला ढग दाटून आले, तर वळवाची वाट पाहत तटावर थांबू नका. वळवाच्या पावसाआधी विजा पडतात आणि उघड्या माथ्यावर सगळ्यांत उंच तुम्हीच असता.

मला सगळ्यांत जास्त काळजी वाटते ती आग्या मोहोळांची, आणि याबद्दल थोडे विस्ताराने लिहिते, कारण साप आणि गवे यांची भीती सगळ्यांना असते, मधमाश्यांची कोणाला नसते. पळस, पांगारा, काटेसावर फुलतात त्याच दिवसांत कड्यांच्या कपारींत, बुरुजांच्या कमानींखाली आणि उंच झाडांवर आग्या माश्यांची पोळी लोंबत असतात. लांबून ते काळपट, हाताएवढे रुंद फडके टांगल्यासारखे दिसते; जवळून पाहिले, तर त्याच्या पृष्ठभागावरून थरथरत्या लाटा जाताना दिसतात. ही लाट म्हणजे माश्यांनी दिलेली ताकीद आहे. तशी लाट दिसली, तर आवाज न करता आल्या पावली मागे फिरायचे. धूर, तीव्र सुगंधाचे अत्तर आणि दगड यांनी माश्या उठतात. म्हणून त्या दिवशी अत्तर लावू नका, गडावर चूल पेटवू नका आणि पोळ्याखाली उभे राहून फोटो काढणारी मंडळी दिसली, तर त्यांना सांगून स्वतः लांब व्हा. माश्या उठल्याच, तर हातवारे न करता तोंड आणि मान ओढणीने झाकून पळत सुटायचे आणि गाडीत किंवा बंद खोलीत शिरायचे. पाण्यात उडी मारायची नाही, कारण त्या वर घिरट्या घालत राहतात. काटे नखाने खरवडून लवकरात लवकर काढायचे. दहा-वीस डंख झाले किंवा ओठ सुजले, घसा आवळला, श्वास लागला, तर कोणताही घरगुती उपाय न करता थेट रुग्णालय गाठायचे. हृदयाच्या किंवा रक्तदाबाच्या रुग्णाला असे डंख जास्त जड जातात.

बाकीचे थोडक्यात सांगते. वाळल्या गवतात बसू नका, गोचिडी चिकटतात. घरी आल्यावर अंग आणि कपडे तपासा. शेजारच्या सिंधुदुर्गात दोडामार्ग भागात गोचिडीमुळे पसरणाऱ्या माकडतापाचे रुग्ण आढळले आहेत आणि त्याचा हंगाम याच महिन्यांत असतो, तेव्हा नंतर आठवडाभरात ताप आला तर जंगलात गेलो होतो हे डॉक्टरांना आवर्जून सांगा. वणवा दिसला, तर वर चढू नका. आग चढावर वेगाने धावते. साप चावला, तर कापणे, चोखणे, आवळून बांधणे यांतले काहीही न करता चावलेला अवयव हलू न देता रुग्णालयात न्यावे. उन्हाने माणूस असंबद्ध बोलू लागला, अंग तापले आणि घाम थांबला, तर तो उष्माघात समजावा: सावलीत निजवून, कपडे सैल करून, ओल्या फडक्याने आणि वाऱ्याने अंग गार करत १०८ ला फोन करावा, शुद्ध हरपत असेल तर तोंडात पाणी घालू नये.

आईंविषयी. त्यांचा विरोध ही अडचण म्हणून तुम्ही लिहिली आहे. मला त्यात मोठा आधार दिसतो. तुम्ही कोणत्या वाटेने चढणार, कोणत्या वेळेला परत फिरणार, गाडीवाल्याचा क्रमांक काय आणि किती वाजेपर्यंत फोन आला नाही तर कोणाला कळवायचे, हे कागदावर लिहून त्यांच्याकडे ठेवा. मागे राहिलेल्या माणसाला नुसती काळजी करत बसावे लागले, की त्याचा राग वाढतो. हातात काही काम असले, की तो त्या बेतात सामील होतो. आणखी एक विचारते: "तूही चल" असे त्यांना कोणी म्हटले आहे का? गाडी गडावर जाते. दुपारी त्या डबा घेऊन गाडीने वर येऊ शकतात. बापलेकीच्या चालण्यात त्यांना बळेच ओढावे असे मी म्हणत नाही, पण विचारले तरी पाहिजे.

तिसऱ्या दिवसासाठी अण्णांना पाटगावला न्या. मौनी महाराजांचा मठ आहे, धरण आहे आणि हे गाव मधाचे गाव म्हणून ओळखले जाते; खात्रीचा मध तिथे मिळेल. रांगण्याकडे जाणारी वाट गावातल्या जाणत्या माणसाकडून समजून घ्या, वाटाड्या म्हणून कोण येईल ते विचारून ठेवा. कारण रांगणा रद्द करायचा नाही, मार्गशीर्षात करायचा आहे. तोपर्यंत अण्णांनी रोज रंकाळ्याला फेरी मारावी, पावसाळा संपला की पंधरवड्यातून एकदा पन्हाळ्याला बुधवार पेठेतून पायी चढून जावे, आणि ती चढण न थांबता, बोलत बोलत, होऊ लागली की रांगण्याची तारीख धरावी. त्या वेळी गार हवा असेल आणि ओढ्यांना पाणी असेल. मात्र बरोबर आणखी दोघे आणि स्थानिक वाटाड्या हवाच. त्या रानात गव्यांचा वावर आहे, आणि एकटा गवा वाटेत उभा असेल तर केव्हा थांबायचे आणि कुठून वळसा घालायचा हे तिथल्या माणसालाच कळते. डिसेंबर २०२१ मध्ये गवे कोल्हापूर शहराच्या वेशीपर्यंत आले होते, तेव्हा त्यांना पाहायला गर्दी जमली आणि गव्याच्या हल्ल्यात एका तरुणाचा जीव गेला, हे आपण सर्वांनी पाहिले आहे.

हे सगळे डॉक्टरांच्या होकारावर अवलंबून आहे, म्हणून ती भेट पाडव्याच्या आदल्या दिवसावर ढकलू नका. निदान दोन आठवडे आधी वेळ घ्या, म्हणजे एखादी तपासणी आणखी करायची ठरली तरी तिचा निकाल हातात येईल. चढ तूर्त नको असे त्यांनी सांगितले, तर गाडीने पन्हाळ्यावर जा आणि सकाळच्या वेळी तीन दरवाजा, अंधार बाव, सज्जा कोठी असे सपाटीवरून हिंडा. आणि डॉक्टरांचा तो निर्णय अण्णांना तुम्ही समजावून सांगायला जाऊ नका. त्यांच्यासमोर डॉक्टरांनाच बोलू द्या.